डागाआधी धागा: गालिच्याचा तंतू, त्याचा रंग आणि धुण्याचे पदार्थ

गालिच्यावर काही सांडले की घरातला पहिला प्रश्न असतो, "हा डाग कशाने निघेल?" उत्तरेही भराभर येतात. कोणी लिंबू सुचवते, कोणी खाण्याचा सोडा, तर कोणी कपड्यांची पावडर. ही सगळीच उत्तरे चुकीची असतात असे नाही, पण ज्या गालिच्यावर तो उपाय लागू पडला तो कशाचा होता, हे सांगणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकच्या धाग्याच्या, गालिच्याने सहज पचवलेले ब्लीच लोकरीच्या गालिच्यावर पडले, तर डागाबरोबर लोकरही जाते. म्हणून या लेखात डागांचा विचार शेवटी केला आहे. आधी गालिचा कशाचा आहे ते पाहावे, मग त्याचा रंग धाग्यात कसा टिकून आहे ते तपासावे, आणि त्यानंतरच बाटलीला हात घालावा.

पहिली पायरी: गालिचा उलटून पाहा

गालिच्याची माहिती त्याच्या पाठीवर असते. पाठीवर समोरचीच नक्षी स्पष्ट दिसत असेल आणि गाठी किंचित अनियमित असतील, तर गालिचा हाताने गाठी मारून विणलेला आहे. भदोही, मिर्झापूर आणि काश्मीरकडचे गालिचे असे असतात. त्यांत वरची लव लोकरीची किंवा रेशमाची असली, तरी ताणा, म्हणजे आधाराचे उभे धागे, बहुधा सुती असतो. म्हणजे एकाच वस्तूत दोन वेगवेगळ्या स्वभावांचे तंतू असतात, आणि कडेची झालर ही त्या सुती ताण्याचीच टोके असतात. लोकर शुभ्र निघाली पण झालर तपकिरी पडली, अशी तक्रार येते तिचे मूळ इथे आहे.

पाठीवर नक्षी दिसत नसेल आणि तिथे जाडसर कापड चिकटवलेले असेल, तर तो टफ्टेड गालिचा समजावा. त्यात धागे गाठीने बांधलेले नसून लॅटेक्सच्या, म्हणजे रबरासारख्या चिकट पदार्थाच्या, थराने धरलेले असतात. असा गालिचा कधीही पाण्यात बुडवू नये. तळाच्या कापडावर कारागिराने शाईने आखलेल्या रेषा किंवा टाकलेले क्रमांक असतात, आणि पाणी खोल गेले तर ती शाई वरच्या लवेपर्यंत चढते. थिनर आणि पेट्रोलसारख्या द्रावकांनी लॅटेक्स फुगते व सुटते, शिवाय आगीचा धोका असतोच; त्यामुळे ते घरी वापरण्याचा विचारच करू नये. पाठीवर एकसारखी यांत्रिक वीण, ज्यूटचे आडवे धागे किंवा प्लॅस्टिकची जाळी दिसली तर गालिचा यंत्रावरचा आहे. ज्यूटची पाठ फार भिजली आणि हळूहळू वाळली, तर तिच्यातला लिग्निन हा काष्ठघटक तपकिरी डाग होऊन वर येतो. अल्कधर्मी साबणाने हा प्रकार आणखी वाढतो.

दुसरी पायरी: तंतू ओळखा

पाठीला लेबल असेल तर ते वाचावे, पण त्यावर पूर्ण विश्वास टाकू नये. "आर्ट सिल्क" किंवा "बांबू सिल्क" या नावांखाली बहुधा व्हिस्कोस, म्हणजे वनस्पतींच्या लगद्यापासून बनवलेला तंतू, असते आणि त्याचा खऱ्या रेशमाशी काहीही संबंध नसतो. खात्री करायची तर झालरीतून नव्हे, तर लवेतून, कोपऱ्याजवळचे दोन-तीन धागे कात्रीने कापून घ्यावेत आणि मोरीजवळ, स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून जाळून पाहावेत.

लोकर किंवा रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की आग आपोआप विझते आणि बोटांनी चुरडता येईल अशी काळी राख उरते. सूत आणि व्हिस्कोस कागदासारखे भरभर जळतात व करडी, मऊ राख ठेवतात. नायलॉन आणि पॉलिस्टर आधी आकसतात, मग वितळतात आणि थंड झाल्यावर कडक गोळी उरते. पॉलिस्टर जळताना काळा धूर अधिक निघतो. पॉलिप्रॉपिलीनला मेणबत्तीसारखा वास येतो. त्याची आणखी एक सोपी खूण म्हणजे ते पाण्यावर तरंगते, कारण त्याची घनता पाण्याच्या सुमारे ०.९१ पट आहे. मात्र धागा आधी साबणाच्या पाण्यात दाबून त्यातली हवा काढून टाकावी, नाहीतर इतर धागेही काही वेळ तरंगून फसवतात.

तंतूंत फार जपावे लागते ते लोकरीला. लोकर म्हणजे केराटिन, म्हणजे आपल्या केसांतलेच प्रथिन. त्याच्या साखळ्यांना गंधकाचे दुवे एकमेकांशी बांधून ठेवतात. अल्कधर्मी द्रावण हे दुवे तोडते. लोकर आधी पिवळसर, मग खरखरीत आणि शेवटी ठिसूळ होते. सोडियम हायपोक्लोराइटचे ब्लीच तर लोकरीला अक्षरशः विरघळवते. कापलेला धागा एका वाटीत ब्लीचमध्ये टाकून ठेवला, तर काही वेळाने तो नाहीसा झालेला दिसतो. (लोकर की कृत्रिम तंतू असा संशय असेल तर ही चाचणी जाळण्याच्या चाचणीहूनही निर्णायक आहे.) लोकरीच्या धाग्यावर खवले असतात आणि गरम पाणी, साबण व घासणे हे तिन्ही एकत्र आले की ते एकमेकांत अडकून धागा नमद्यासारखा घट्ट होतो. हे पुन्हा सोडवता येत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओलावा शोषूनही हाताला कोरडी लागते. म्हणूनच वाळला असे वाटणारा लोकरीचा गालिचा आतून ओला असू शकतो.

रेशमालाही प्रथिनाचे हेच नियम लागू आहेत, फक्त त्याला चूक आणखी कमी सोसते. व्हिस्कोसबद्दल स्पष्टच सांगायचे तर ते घरी ओले करू नये. भिजल्यावर त्याची ताकद जवळपास निम्मी होते, लव आडवी पडते, आणि साध्या पाण्याचाही पिवळट डाग उरतो. सुताचे वागणे लोकरीच्या उलट आहे: ते अल्क चांगले सोसते, ओले असताना उलट बळकट होते, पण तीव्र आम्ल त्याला कुजवते. फरशीसाठीच्या आम्लाचे किंवा संडास स्वच्छ करण्याच्या द्रवाचे थेंब सुती सतरंजीवर पडले, तर त्या क्षणी काही दिसत नाही. पाणी उडून आम्ल तीव्र होत जाते आणि काही दिवसांनी तिथे भोक पडते. नायलॉनलाही हे आम्ल मानवत नाही. पॉलिस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन यांना बहुतेक घरगुती पदार्थ चालतात, पण दोघेही तेल धरून ठेवतात आणि उष्णतेला भितात. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते. मेणाचा डाग काढायला इस्त्री फिरवण्याची युक्ती त्यावर केली, तर मेण निघेल पण लवेचा चकचकीत चट्टा होईल.

तिसरी पायरी: रंग धाग्यात कसा टिकून आहे

ही पायरी बहुतेकजण गाळतात, आणि नुकसान नेमके इथेच होते. रंग धाग्यात "मुरलेला" असतो असे आपण म्हणतो, पण तो तिथे टिकण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा शत्रू वेगळा आहे.

लोकर, रेशीम आणि नायलॉन यांवर बहुधा आम्ल-रंग वापरतात. या रंगांच्या रेणूंवर ऋण प्रभार असतो आणि तंतूतल्या धन प्रभाराच्या जागा त्यांना धरून ठेवतात. भोवतालचे पाणी आम्लधर्मी असले की या जागा वाढतात, पाणी अल्कधर्मी झाले की कमी होतात, आणि आधार सुटलेला रंग पाण्यात उतरतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात लोकरीचा लाल गालिचा रंग सोडतो आणि व्हिनेगरच्या पाण्यात तोच शांत राहतो, यामागे एवढेच कारण आहे. पुढे सांगितलेल्या पद्धतीत शेवटचे खळबळणे शक्यतो किंचित आम्लधर्मी पाण्यात का करायचे, याचेही उत्तर हेच.

सुती सतरंजीवरचा स्वस्त लाल किंवा निळा बहुधा थेट-रंग असतो. तो तंतूला सैलच चिकटलेला असल्याने साध्या पाण्यातही जातो. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का करण्याचा घरगुती सल्ला अर्धाच खरा आहे: मीठ असेपर्यंत रंग कमी सुटतो, पण बिनमिठाच्या पुढच्या धुण्यात पुन्हा सुटू लागतो. रासायनिक बंधाने सुताला जोडले जाणारे रिॲक्टिव्ह रंग १९५६ पासून बाजारात आले, आणि त्यांनी रंगवलेले सूत धुण्यात पुष्कळच टिकते. पॉलिस्टरचे रंग तंतूच्या आत शिरलेले असतात. पाण्याला ते दाद देत नाहीत. पॉलिप्रॉपिलीनमध्ये तर धागा ओढण्यापूर्वीच रंगद्रव्य मिसळलेले असते, त्यामुळे त्याचा रंग जवळजवळ काहीही केले तरी जात नाही. ब्लीच चालते ते अशाच गालिच्याला, आणि तेही पाठ लॅटेक्सची किंवा ज्यूटची नसेल तर.

जुन्या गालिच्यांची गोष्ट निराळी. विल्यम पर्किनने १८५६ साली पहिला कृत्रिम ॲनिलीन रंग बनवला. त्याआधीच्या सर्व गालिच्यांत, आणि नंतरच्याही पुष्कळ गालिच्यांत, वनस्पतींचे व किड्यांचे रंग आहेत: मंजिष्ठेचा लाल, नीळ, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, कोचिनील किड्याचा किरमिजी. यांतले बहुतेक तुरटी किंवा लोहाच्या क्षारांच्या मदतीने लोकरीला बांधलेले असतात आणि ते सामू, म्हणजेच पीएच हे आम्ल-अल्काचे माप, बदलला की स्वतःही बदलतात. कोचिनील अल्कात जांभळटते. मंजिष्ठेचा लाल आम्लात पिवळटाकडे आणि अल्कात जांभळ्याकडे झुकतो. लिंबातले सायट्रिक आम्ल ॲल्युमिनियम आणि लोह या धातूंना पकडून बाहेर ओढते, म्हणजे रंगाला बांधणारी कडीच काढून नेते. म्हणून जुन्या नैसर्गिक रंगांवर लिंबू नको, फार तर सौम्य व्हिनेगर. नीळ सामूला घाबरत नाही, पण ती धाग्यावर कणांच्या रूपात बसलेली असल्याने घासले की फडक्याला निळी लागते. जुन्या गालिच्यांत काळ्या-तपकिरी भागांची लव आजूबाजूपेक्षा बुटकी झालेली दिसते, ती लोहयुक्त रंगाने लोकर खाल्ल्यामुळे. तिथे ब्रश अजिबात लावू नये. एकोणिसाव्या शतकात येरवड्याच्या तुरुंगात कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जात. तशा काळातला एखादा तुकडा कोणाकडे असेल, तर त्यात नैसर्गिक आणि सुरुवातीचे कच्चे कृत्रिम रंग शेजारी शेजारी असू शकतात. अशा वस्तूवर घरी व्हॅक्यूमपलीकडे काही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घोंगडीला मात्र ही भीती नाही. काळ्या मेंढीच्या लोकरीचा रंग हा त्या केसातच वाढलेला मेलॅनिन असतो, त्यामुळे तो पाण्यात सुटण्याचा प्रश्न येत नाही. पण उन्हाने आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने तोही तांबूस पडतो, आणि विणताना दिलेली चिंचोक्याची खळ पाण्यात निघून घोंगडी मऊ पडते.

चौथी पायरी: रंगाची चाचणी

गालिच्यातील प्रत्येक रंगाची वेगळी चाचणी घ्यावी. लाल, गडद निळा आणि काळा हे बहुधा सर्वांत आधी सुटतात. पांढऱ्या सुती कापडाचे छोटे तुकडे घ्यावेत. पहिला नुसत्या पाण्याने, दुसरा वापरायच्या साबणाच्या पाण्याने आणि तिसरा व्हिनेगरच्या पाण्याने भिजवून पिळावा. सोफ्याखाली जाणाऱ्या भागात एकेक तुकडा रंगावर ठेवून वर प्लॅस्टिकचा कागद व एखादे जड पुस्तक दहा मिनिटे ठेवावे. चोळून केलेली चाचणी घाईची असते. तिच्यात न दिसणारा रंग दहा मिनिटांच्या दाबात दिसतो.

नुसत्या पाण्यालाच रंग आला तर घरी ओले काम करू नये. साबणाच्या तुकड्याला आला पण व्हिनेगरच्या तुकड्याला आला नाही, तर साबण अल्कधर्मी आहे. तो बदलून चाचणी पुन्हा घ्यावी. व्हिनेगरच्या तुकड्याला रंग आला आणि इतरांना आला नाही, तर नैसर्गिक किंवा आम्लाला हळवा रंग असण्याची शक्यता धरावी. जागा पूर्ण वाळल्यावर दिवसाच्या उजेडात ती आणखी एकदा पाहावी, कारण काही बदल ओल्यात लपतात. रासायनिक धुलाई करून चमक आणलेल्या गालिच्यांवर कधी कधी फिक्या जागा ब्रशने रंगवलेल्या असतात. एकाच लाल रंगाच्या दोन ठिकाणी चाचणीचे दोन निकाल आले तर हा संशय घ्यावा.

पाचवी पायरी: घरातल्या बाटल्यांत काय असते

सामूच्या मापात ७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क, आणि प्रत्येक अंकाला दहापटीचा फरक. खाण्याच्या सोड्याचे द्रावण ८.३ च्या आसपास असते, अंगाच्या साबणाच्या वडीचे ९ ते १०, कपड्यांच्या पावडरीचे १० ते ११ आणि धुण्याच्या सोड्याचे साधारण ११. पांढरा व्हिनेगर २.५ च्या जवळपास असतो. लोकरीला साधारण ४.५ ते ८ एवढाच पट्टा सुखाचा आहे. भांड्यांसाठीचे आणि लोकरीच्या कपड्यांसाठीचे द्रव साबण बहुधा उदासीनतेच्या जवळ असतात, पण वेष्टनावरच्या "सौम्य" या शब्दावर जाऊ नये. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात पीएच पट्ट्या मिळतात. एक डबी आणून पातळ केलेल्या द्रावणात पट्टी बुडवली की प्रश्न मिटतो.

सामूशिवाय आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात, आणि त्या वेष्टनावर बारीक अक्षरांत असतात. पहिली म्हणजे प्रथिने पचवणारी एन्झाइमे. रक्ताचा किंवा दुधाचा डाग ती खातात, पण लोकर आणि रेशीम हीही त्यांच्या लेखी प्रथिनेच आहेत. दुसरी, कपडे अधिक पांढरे दिसावेत म्हणून घातलेली चकाकीद्रव्ये. ती लोकरीवर राहिली की पुढे उन्हात पिवळी पडतात आणि फिक्या गालिच्यावर न जाणारा पिवळटपणा ठेवतात. तिसरी म्हणजे जंतुनाशकांतील बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे धन प्रभाराचे पदार्थ. आम्ल-रंग आणि नायलॉनवरचा डागरोधक थर हे दोन्ही ऋण प्रभाराचे असल्याने हे पदार्थ त्यांना चिकटतात, रंगाची छटा बदलतात आणि एक चिकट थर ठेवतात, ज्यावर धूळ बसतच राहते. फरशी पुसायचे जंतुनाशक द्रव गालिच्यावर न वापरण्याचे कारण हेच आहे.

रंग उडवणाऱ्या पदार्थांचे दोन गट आहेत. क्लोरीनचे ब्लीच आणि पेरॉक्साइड ऑक्सिडीकरणाने रंग मोडतात. मेटाबायसल्फाइट आणि हायड्रोसल्फाइट क्षपणाने मोडतात. "ऑक्सिजनवाली" पावडर निरुपद्रवी वाटते, पण तिच्यातला परकार्बोनेट पाण्यात पडला की पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा असे दोन भाग होतात, आणि द्रावणाचा सामू १०.५ च्या आसपास जातो. सुताला ते चालेल. लोकरीला मुळीच नाही. मुरुमांच्या क्रीममधील बेंझॉइल पेरॉक्साइड हा लपलेला गुन्हेगार आहे. क्रीम लावलेला हात किंवा चेहरा गालिच्याला लागतो, तेव्हा काहीच दिसत नाही. दमट हवेत काही दिवसांनी तिथे नारिंगी-पिवळा ठिपका उमटतो आणि दोष शेवटच्या धुलाईला दिला जातो.

ब्लीच आणि कोणतेही आम्ल, अगदी व्हिनेगरसुद्धा, एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया यांचेही तसेच: त्यांतून विषारी क्लोरामाइन निघतात.

सहावी पायरी: प्रत्यक्ष धुणे

गालिच्यातील मळाचा मोठा भाग कोरडी माती असते. ती ओली केली की चिखल होतो आणि लवेच्या मुळाशी बसतो. म्हणून आधी पाठीकडून, मग समोरून, लवेच्या दिशेने व्हॅक्यूम फिरवावा. यात कंजूषी करू नये. इथे घालवलेली अर्धी दुपार पुढचा अर्धा साबण वाचवते.

त्यानंतर एक लिटर कोमट, म्हणजे ३० अंशांपेक्षा अधिक गरम नसलेल्या, पाण्यात एक चहाचा चमचा उदासीन द्रव साबण मिसळावा. जास्त साबणाने जास्त स्वच्छता होत नाही, फक्त खळबळायचे काम वाढते आणि राहिलेला साबण चिकट होऊन मळ ओढतो. बोअरचे पाणी कठीण असेल तर नेहमीच्या साबणाचा न विरघळणारा साका लवेत अडकतो. तिथे द्रव डिटर्जंट आणि गाळलेले, शक्य असल्यास आरओचे, पाणी वापरावे. रिठा हा लोकर आणि रेशमासाठी जुना व चांगला पर्याय आहे, कारण त्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. फक्त ते तपकिरी असल्याने अगदी फिक्या गालिच्यावर आधी चाचणी घ्यावी.

पांढऱ्या फडक्याने किंवा मऊ स्पंजने फेस लावावा, पाणी ओतू नये. हात दोन फूट लांबी-रुंदीच्या भागापुरताच फिरवावा, आणि तोही लवेच्या दिशेने. पाच मिनिटांत कोरड्या पांढऱ्या टॉवेलने दाबून टिपावे. मग स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने साबण काढून घ्यावा, आणि शेवटी, रंगाची चाचणी व्हिनेगरच्या बाजूने असेल तर, एक लिटर पाण्यात ५० ते ६० मिलिलिटर पांढरा व्हिनेगर घातलेल्या पाण्याने तेच करावे. टॉवेलला प्रत्येक वेळी रंग दिसतो का ते पाहत राहावे. दिसला तर तिथेच थांबावे.

डागांविषयी

तेलाचा डाग आधी कोरडा उचलावा. त्यावर कॉर्नफ्लोर पसरून काही तासांनी व्हॅक्यूम करावा आणि मग वरचे साबणाचे पाणी लावावे. रक्ताला फक्त थंड पाणी. चहात टॅनिन असते, ते अल्काने गडद तपकिरी होते, म्हणून चहावर सोडा टाकण्याची सवय मोडावी. उदासीन साबण, मग सौम्य व्हिनेगर हा क्रम योग्य. तरीही सावली उरली आणि गालिचा फिका असला, तर ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड चाचणी घेऊन थेंबाथेंबाने वापरता येते. औषधांच्या दुकानातली बाटली बहुधा ६ टक्क्यांची, म्हणजे "२० व्हॉल्यूम"ची असते; लेबल पाहून तेवढेच पाणी मिसळावे.

हळद हा आपल्याकडचा खास पेच आहे. तिच्यातले कुरकुमिन तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. आणि अल्क लागताच ते पिवळ्याचे लालसर-तपकिरी होते. भाजीचा रस्सा सांडल्यावर साबण लावला की डाग लाल होतो, घरात घबराट होते आणि कोणीतरी ब्लीच आणते. प्रत्यक्षात तो फक्त सामूचा रंग आहे. व्हिनेगरचे पाणी लावले की पुन्हा पिवळा होतो. आधी तेल काढावे, साबणाने जमेल तेवढे उचलावे, व्हिनेगरने खळबळावे. उरलेला पिवळेपणा उजेडाने फिका पडतो, कारण कुरकुमिन प्रकाशात टिकत नाही. गालिच्याचे रंग कच्चे नसतील तर खिडकीतला उजेड काही दिवस पुरेसा असतो. पारंपरिक कुंकू हळदीला चुन्याची निवळी देऊन करतात, त्यामुळे त्याचा डाग व्हिनेगरने पिवळा पडतो. बाजारच्या कुंकवात मात्र कृत्रिम रंग असू शकतो. व्हिनेगरने तो बदलला नाही तर तसे समजावे.

लाल-नारिंगी सरबताचा किंवा बर्फाच्या गोळ्याचा डाग दिसायला साधा असला तरी लोकर आणि नायलॉनवर तो सर्वांत कपटी. खाण्याचे पुष्कळसे कृत्रिम रंग रासायनिकदृष्ट्या लोकर रंगवणाऱ्या आम्ल-रंगांचेच भाऊबंद आहेत, आणि सरबतात सायट्रिक आम्लही असते. म्हणजे गालिच्यावर सरबत सांडणे हे छोट्या प्रमाणावर लोकर रंगवण्यासारखेच आहे. इथे गालिच्याचा रंग सांभाळणारे व्हिनेगर डागाचा रंगही पक्का करते, आणि गरम पाणी त्याला मदत करते. म्हणून या एका डागावर व्हिनेगर शेवटपर्यंत लावू नये. लगेच थंड पाणी, उदासीन साबण, टिपणे, पुन्हा थंड पाणी, असे टॉवेल स्वच्छ येईपर्यंत करावे. वाळलेला डाग कारागिराकडे द्यावा. तो क्षपणाची रसायने मोजून वापरू शकतो, घरी ते जमत नाही.

मेंदीतला लॉसोन प्रथिनाला बांधला जातो. केस रंगतात त्याच कारणाने लोकरही रंगते, आणि काही मिनिटांत न धुतलेला डाग कायमचा धरावा. पाळीव कुत्र्या-मांजरांचे मूत्र ताजे असताना बहुधा आम्लधर्मी असते, पण जिवाणू त्यातल्या युरियाचे अमोनियात रूपांतर करतात आणि तोच डाग अल्कधर्मी होऊन रंग सोडवतो. ताज्या मूत्राला पाणी आणि व्हिनेगर पुरते. जुन्या डागात रंगच बदललेला असेल तर तो धुण्याने परत येणार नाही.

वाळवणे आणि सुटलेला रंग

गालिचा सावलीत, हवेशीर जागी, एका दिवसात पूर्ण वाळेल असा बेत असेल तरच ओला करावा. पावसाळ्यात हे काम काढू नये. सुती ताण्याला बुरशी लागली तर गाठी सुटू लागतात. ऑक्टोबरची कोरडी, उकाड्याची हवा यासाठी सर्वांत सोयीची, आणि दिवाळीच्या साफसफाईशी तिचा मेळही बसतो. शक्य असेल तर गालिचा दोन काठ्यांवर आडवा ठेवावा, म्हणजे खालूनही हवा लागेल. साफ केलेला डाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसला, तर तो नवा नसतो. खालचे पाणी वर येऊन उडताना मळ टोकांशी सोडून गेलेले असते. तिथे ओल्या फडक्याने हलके पुसून, वर टिपकागदाचे किंवा पांढऱ्या टॉवेलचे पाच-सहा थर ठेवून वजन ठेवावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे, म्हणजे मळ गालिच्यात न थांबता टॉवेलमध्ये चढतो.

धुताना रंग सुटलाच, तर पहिल्या पंधरा मिनिटांत काय केले यावर पुढचे सगळे ठरते. साबण लगेच थांबवावा. थंड पाण्यात थोडा व्हिनेगर घालून तो भाग ओला ठेवावा आणि सतत कोरड्या टॉवेलांनी टिपत राहावे. व्हिनेगरच्या चाचणीत रंग सुटला असेल, तर नुसते थंड पाणी वापरावे. रंग पसरला आहे म्हणून गालिचा उन्हात टाकू नये, हेअर ड्रायर फिरवू नये, कारण सुटलेला रंग शेजारच्या पांढऱ्या लवेत वाळला की तो तिथेच राहायला येतो. ओल्या अवस्थेत काढलेला रंग बहुधा निघतो. वाळलेला काढणे हे जाणकाराचे काम आहे. त्याच्याकडे देताना कोणते पदार्थ, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ लावले ते एका कागदावर लिहून गालिच्याबरोबर द्यावे. ब्लीच लावले असेल तर तेही लपवू नये, कारण त्यावर त्याने आम्ल घातले तर वायू त्याच्याच नाकात जाणार आहे.